कोथिंबिरीचं पाणी, दुखण्याची गोळी आणि आपली किडनी



मोबाइलवर एक निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. कोथिंबिरीची जुडी धुऊन चिरायची, पाण्यात दहा मिनिटं उकळायची, गाळून गार करायची आणि रोज पेलाभर प्यायची. म्हणे किडनीत साचलेली सगळी घाण लघवीवाटे निघून जाते. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो वाचला असेल, पुढे पाठवलाही असेल. कोथिंबीर स्वस्त, परसातली, चवीलाही बरी. करून बघायला काय जातं?

एरवी काही गेलं नसतं. पण निंदणीच्या दिवसांत, मिरची तोडणीच्या दिवसांत, ऊसतोडीला गुजरातेत गेल्यावर कंबर धरते, गुडघे धरतात, आणि दुकानातून आणलेली गोळी रोज पोटात जाते. गोळी "गरम" असते, किडनीला वाईट असते, हे आपण ऐकलेलं असतं. मग त्यावर उतारा म्हणून कोथिंबिरीचं पाणी, लसणाची पाकळी, हळदीचं दूध. "मी वरून काढा घेते ना, मला काही होत नाही." हे वाक्य धोक्याचं आहे, आणि हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

किडनीत घाण साचते का?

किडनी म्हणजे मूत्रपिंड. पाठीत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा आणि मुठीएवढा. प्रत्येकीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि उरलेलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. म्हणजे धुण्याचं काम किडनी स्वतःच रात्रंदिवस करत असते. चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तशी तिच्यात घाण अडकून बसत नाही. तिचं बिघडतं ते वेगळंच. गाळण्या मरतात. मेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही, आणि कोणत्याही पाण्याने धुऊन ती जिवंत होत नाही.

आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे किडनी ओरडत नाही. दात दुखतो, पोट दुखतं, पण गाळण्या हळूहळू कमी होत असताना काहीच दुखत नाही. रक्तात क्रिएटिनिन नावाची तपासणी करतात. किडनीचं जवळजवळ अर्धं काम बंद पडेपर्यंत तिचा आकडासुद्धा फारसा हलत नाही. अंगाने बारीक असलेल्या बाईचा आकडा तर मुळातच कमी असतो, म्हणून तो "बरोबर" दिसूनही आत बिघाड असू शकतो. त्यामुळे "मी दोन वर्षं गोळ्या खाते, मला काय झालं?" याला फारसा अर्थ नाही.

गोळी नेमकं काय करते?

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नेप्रोक्सेन ही दुखण्यावरच्या गोळ्यांची नावं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि ही नावं खाली बारीक अक्षरात. एकीचं नाव वेगळं, दुसरीचं वेगळं, म्हणून दोन्ही घेणाऱ्या असतात, आणि आत औषध एकाच जातीचं निघतं.

आपल्या अंगात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. दुखणं आणि सूज त्यांच्यामुळे जाणवते. गोळी ती रसायनं बनणं थांबवते, म्हणून आराम पडतो. पण याच रसायनांना किडनीत दुसरं काम असतं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे येणारं रक्त कमी होऊ लागतं. तेव्हा ही रसायनं तिच्या रक्ताच्या नळीचं तोंड उघडं धरून ठेवतात. पाटाला पाणी कमी असलं की आपण आपल्या वाफ्याचं तोंड जरा रुंद करतो, तसंच. गोळी घेतली की ते तोंड आवळतं. भरपेट जेवलेल्या, पाणी प्यालेल्या, धडधाकट बाईने एखाद-दुसरी गोळी घेतली तर किडनी सहसा निभावून नेते. पण उन्हात सहा तास काम, घाम, "लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणीच नको" हा आपला नेहमीचा हिशोब, आणि वरून दिवसाला दोन गोळ्या! असं झालं की गाळण्यांना रक्तच पुरत नाही.

इथे कोथिंबिरीचा प्रश्न पुन्हा विचारा. नळीचं तोंड आवळलं गेलं आहे. कोथिंबिरीत असं काय आहे की ते ती उघडेल? तसं काही सापडल्याचं माझ्या वाचनात नाही. पेलाभर पाणी पोटात गेलं त्याचा मात्र फायदा आहे. कोथिंबीर न घालता प्यालात तरी तितकाच.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्व्हादोर हे देश आहेत. तिथल्या ऊसतोड कामगारांत, तरण्याताठ्या माणसांत, साखर किंवा बीपीचा आजार नसताना किडन्या निकामी झाल्या, हजारोंच्या. कारणांवर अजून अभ्यास चालू आहे, पण कडक ऊन, पाण्यावाचून काम आणि त्यात दुखण्याच्या गोळ्या या तिन्हींवर बोट ठेवलं गेलं आहे. तिथल्या काही मळ्यांत सावली, ठरावीक वेळाने विश्रांती आणि जवळ पाणी एवढी सोय केल्यावर किडनीवरचा ताण कमी झालेला दिसला. शहादा-तळोद्याच्या शेतातली किंवा बारडोलीकडच्या फडातली बाई त्यांच्यापेक्षा फार वेगळं आयुष्य जगत नाही. टोळीबरोबर जाताना मुकादमाकडे उचलीचं बोलणं होतं, तेव्हाच पाण्याचं आणि आडोशाचंही बोलून घ्यावं.

गिधाडं कुठे गेली?

चाळिशीच्या पुढच्या ताईंना आठवत असेल. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घटकाभरात आभाळात गिधाडं घिरट्या घालायची. आता ढोर कुजतं, कुत्री येतात, गिधाड दिसत नाही. ती कशाने गेली, हे कोडं २००४ साली सुटलं. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी झाली, तेव्हा कळलं की त्यांच्या किडन्या बंद पडल्या होत्या. कारण होतं डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या बैलाला, गाभण गाईला तेच इंजेक्शन दिलं जायचं. ते जनावर मेलं की औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं. काही दिवसांत किडनी थांबायची आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसायचा. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ पासून माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलिलिटरची एका वेळेपुरती केली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅक यांनाही जनावरांसाठी बंदी आली.

माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे खरं. गिधाडाला जे थोडंसं मारतं ते आपल्याला मारत नाही. पण औषध तेच आहे आणि घाव घालण्याची जागाही तीच. आपल्या पशुसखींनी हे लक्षात ठेवावं. गोठ्यात कोणी माणसांची बाटली वापरत असेल तर थांबवावं.

सुईची गोष्ट

गोळीनंतर सुई. ताप आला, अशक्तपणा आला की "सुई मारा" हा आपला हट्ट असतो आणि मोटारसायकलवर पेटी घेऊन फिरणारे तो पुरवतात. त्या सुईत कधी जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन असतं. ही जंतू मारणारी जोरकस औषधं आहेत. किडनीच्या गाळण्यांच्या पुढच्या नळ्यांत ती साचतात आणि तिथल्या पेशी मारतात. कानांनाही इजा करतात. प्रमाण वजनावर ठरवावं लागतं, दिवस मोजावे लागतात आणि अंगात पाणी पुरेसं असावं लागतं.

म्हणून ही औषधं वाईट समजू नका. आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्यांनी नवजात बाळांच्या घरी जाऊन तपासणी केली, ऊब आणि अंगावरचं दूध सांभाळलं, आणि जंतुसंसर्ग दिसला तर वजन पाहून जेंटामायसिनची सुई दिली. १९९९ मध्ये त्याचा अहवाल "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तीच सुई, तेच औषध. एका ठिकाणी वजन करून, दिवस मोजून, नोंद ठेवून दिलेलं. दुसऱ्या ठिकाणी अंदाजाने. पुढे २०१४ पासून सरकारनेही अशा आजारी बाळांसाठी एएनएम ताईंना ही सुई द्यायला परवानगी दिली. तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरने बाळाला सुई दिली तर घाबरू नका. पेटीवाल्याने कशाची दिली, हे मात्र विचाराच.

मग ते प्रयोग खोटे का?

कोणी म्हणेल, लसूण, हळद किडनी वाचवते हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलं आहे, पेपरात वाचलं. खोटं नाही ते. लसूण, आलं, हळद, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, कलौंजी, या सगळ्यांवर उंदीर आणि सशांमध्ये प्रयोग झालेले आहेत, आपल्या देशातही. त्यांची रीत बहुतेक एकच असते. निरोगी उंदरांना आठवडाभर रोज जेंटामायसिन टोचायचं, वजनाच्या दर किलोला ८० ते १०० मिलिग्रॅम. माणसाला डॉक्टर देतात साधारण ३ ते ५. म्हणजे किडनी बिघडावी म्हणून मुद्दामच एवढं दिलेलं असतं. अर्ध्या उंदरांना त्याबरोबर, पुष्कळदा त्याच्या आधीपासून, वनस्पतीचा अर्क पाजायचा. शेवटी दोन्ही गटांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. अर्क घेतलेल्यांचं नुकसान कमी दिसतं. कारण जेंटामायसिन पेशीत जे नुकसान करतं ते लोखंडाला गंज चढावा तसं असतं, आणि या वनस्पतींत गंज रोखणारी द्रव्यं असतात.

हे चांगलंच आहे, पण तिथून आपल्या चुलीपर्यंत यायला बरंच अंतर आहे. अर्क म्हणजे फोडणीतला लसूण नव्हे. किलोभर पाला वाळवून, भिजवून, आटवून चमचाभर अर्क निघतो. उंदीर तरुण होता, पाणी समोर होतं, उन्हात ऊस तोडत नव्हता. त्याला रक्तक्षय नव्हता, सिकलसेल नव्हता. आणि विष कधी येणार हे माहीत असल्याने अर्क आधीच दिला होता. यातली एकही गोष्ट आपल्याला लागू नाही.

माणसांवर मोठी चाचणी झाली ती हळदीची. कॅनडातल्या १० रुग्णालयांत, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६०६ रुग्णांची. या शस्त्रक्रियेत किडनीला धक्का बसतो. निम्म्यांना हळदीतलं मुख्य द्रव्य, कुर्क्युमिन, भरपूर प्रमाणात दिलं आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. २०१८ मध्ये निकाल आला. किडनी वाचली नाही. उलट कुर्क्युमिन घेतलेल्यांत १७ टक्क्यांच्या किडनीला इजा झाली आणि न घेतलेल्यांत १० टक्क्यांच्या. भाजीतली हळद वाईट आहे असा याचा अर्थ नाही. उंदरावर चाललं म्हणून माणसावर चालेलच असं नाही, आणि "नैसर्गिक आहे, जास्त घेतलं तरी काय होतं" हेही खरं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हळदीच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊन ऑक्झलेट नावाचे खडे किडनीत जमल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

आणि हळद घ्यायची तर कोणती, हेही बघा. रंग खुलावा म्हणून सुट्या हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग मिसळतात. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर सापडलं आणि २०१९ नंतर तिथल्या सरकारने कडक कारवाई केली. आपल्याकडेही अशी भेसळ सापडली आहे. शिसं किडनीलाच खातं. किडनी वाचवायला हळद प्यायची आणि त्यातून शिसं पोटात घालायचं! ज्या गटांचं हळद दळण्याचं काम आहे, त्यांच्या अख्ख्या हळकुंडापासून दळलेल्या हळदीला म्हणूनच मोल आहे.

स्वयंपाकघर खरं कुठे उपयोगी पडतं

माझं म्हणणं असं की मसाल्याचा डबा गोळीवरचा उतारा नाही, पण तो गोळी टाळायला मदत करू शकतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पाळीच्या दिवसांतलं पोटदुखणं घ्या. सुंठीची पूड पहिल्या तीन दिवसांत घेतल्याने दुखणं कमी होतं, असं माणसांवरच्या, खऱ्याखुऱ्या बायकांवरच्या छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. दिवसभरात मिळून साधारण पाऊण ते दोन ग्रॅम, म्हणजे पाव ते एक लहान चमचा, दोन-तीन वेळात वाटून. सुंठीचा चहा, पोटावर गरम पाण्याची पिशवी. यावर भागलं तर एक गोळी वाचली. तेवढीच किडनीही वाचली. ज्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे त्यांनी मात्र विचारूनच घ्यावं.

गुडघ्याचं तसंच. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर हळदीचा अर्क आणि आयबुप्रोफेन यांची तुलना झाली, २०१४ मध्ये निकाल छापला. महिनाभरात आराम जवळपास सारखाच पडला. पण तो मोजून दिलेला अर्क होता, दुधातली चिमूट नव्हे, आणि वर सांगितलेला खड्यांचा धोका तिथेही आहेच. मला तरी गुडघ्याला शेक, तेलाची मालिश, मांडीचे साधे व्यायाम आणि डोक्यावरचा हंडा एकाऐवजी दोन फेऱ्यांत आणणं हे जास्त पटतं. अगदीच सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी. किडनीच्या बाबतीत ती वरच्या जातीपेक्षा बरी. दोन गोळ्यांत किमान सहा तास जाऊ द्या आणि रोजची सवय करू नका. घरात महुआची दारू पिणारं कोणी असेल तर त्याला ही गोळीही विचारल्याशिवाय देऊ नका. तिचा मार लिव्हरवर असतो.

सर्वांत मोठा उपयोग अजून राहिला आहे. तो मिठाचा. किडनी बिघडण्याची सगळ्यात मोठी कारणं म्हणजे साखरेचा आजार आणि वाढलेला रक्तदाब. रक्तदाब मिठाने वाढतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात सगळंच आलं: भाकरीच्या पिठातलं, भाजीतलं, लोणच्यातलं, पापडातलं. (पापड-लोणची आपलेच गट विकतात, हे मी विसरले नाही. विका. पण रोजच्या ताटात एकच पापड.) मीठ कमी केलं की जेवण सपक लागतं, आणि इथे कोथिंबीर, लसूण, आलं, कडीपत्ता, लिंबू धावून येतात. धडगावच्या आमचुराची आंबट चिमूट वरणात टाकली तर मीठ कमी पडलेलं लक्षातही येत नाही. ठेच्यात मिरचीइतकाच लसूण आणि दुप्पट कोथिंबीर घाला, मीठ निम्मं करा आणि घरच्यांना न सांगता वाढा. कोथिंबीर किडनीला वाचवते ती अशी.

एका घरात मात्र हे जपून. ज्यांची किडनी आधीच बिघडली आहे, त्यांना शेवग्याचा पाला, पालेभाज्या, कोथिंबिरीचा रस, नारळपाणी जास्त झालं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. निरोगी बाईला जे औषध, ते त्यांना अपाय. त्यांनी पाणी आणि भाजी किती, हे डॉक्टरांनाच विचारावं.

ज्यांनी जास्त सांभाळायचं

आपल्या जिल्ह्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. या आजारात किडनीचा आतला भाग लहानपणापासूनच झिजत असतो, लघवी पातळ आणि वारंवार होते, अंगातलं पाणी लवकर संपतं. त्यात हाडं दुखण्याचे झटके येतात आणि हात गोळीकडेच जातो. सिकलसेलच्या मुलाला किंवा बाईला स्वतःच्या मनाने दुखण्याची गोळी देऊ नका. झटका आला की आधी भरपूर पाणी, ऊब, आणि सरळ दवाखाना. तिथे आजाराचं नाव आधी सांगा. तपासणी झाली नसेल तर करून घ्या. १ जुलै २०२३ पासून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, तपासणीला पैसे लागत नाहीत.

पोटुशी असाल आणि पाच महिने होत आले असतील तर ही गोळी नकोच. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन पोटातलं पाणी कमी होऊ शकतं.

बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यावर दुखण्याची गोळी घेतली तर तिघींचा मिळून किडनीवर घाव बसतो. अशा वेळी बीपीची गोळी बंद करायची नाही, दुखण्याची सोडायची. आणि जुलाब-उलट्या चालू असतील तर कुणीही दुखण्याची गोळी घेऊ नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, थोडं थोडं.

जंगलातली मुळी आणि पुडीतली पूड

सातपुड्यातल्या झाडपाल्याचं ज्ञान आपल्या आजींकडे आहे, ते मोलाचं आहे. पण त्यातही किडनीवर जाणाऱ्या काही वनस्पती आहेत. ईश्वरमूळ, कुणी सापसंद म्हणतं, साप-विंचवावर देतात ती वेल. त्या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड नावाचं विष असतं. १९९० नंतर बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत त्याच कुळातली चिनी वनस्पती गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, पुढे काहींना कॅन्सरही झाला. ही मुळी पोटात घ्यायची नाही. साप चावला तर तर नाहीच, गाडी बघायची आणि रुग्णालय गाठायचं.

बाजाराच्या दिवशी सांधेदुखीवर बिनानावाची पूड विकतात. "शुद्ध आयुर्वेदिक" म्हणतात. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडला तर शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा तीच दुखण्याची गोळी वाटून घातलेली अनेकदा सापडते. मुलांचं खोकल्याचं औषधही बिलाशिवाय घेऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने किडनी बंद पडून वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यातल्या कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच जातीच्या भेसळीने १४ रुग्ण दगावले होते. अशा विषाला कोणताही काढा पुरा पडत नाही.

आता आपल्या मालाबद्दल. शेवग्याची पूड, हळद, काढ्याचं मिश्रण विकणाऱ्या गटांना कोणीतरी सुचवतंच, "पाकिटावर लिहा की किडनी साफ होते, दुप्पट खपेल." लिहू नका. १९५४ च्या कायद्याने काही आजार बरे करण्याची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत किडनीची सूजही आहे आणि मुतखडाही. अन्न सुरक्षा कायद्यातही खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ते वाचून एखादी बाई डॉक्टरकडे जायची थांबली तर? पाकिटावर पदार्थ, वजन, तारीख, गटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक एवढं पुरे.

तपासणी कधी

लघवी अचानक कमी झाली, फेस येऊ लागला, रंग काळ्या चहासारखा झाला, सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज आली, कारण नसताना मळमळ राहिली, तर वाट पाहू नका. यातलं काहीच नाही, पण महिनोन्महिने दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या आहेत, किंवा बीपी, साखर, सिकलसेल यातलं काही आहे, तरी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा नमुना देता येतो. वेळेवर कळलं तर गोळी बंद करून आणि रक्तदाब सांभाळून पुष्कळ वर्षं निभतं. उशीर झाला तर डायलिसिस. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात गरीब रुग्णांना ते जिल्हा रुग्णालयांमधून मोफत मिळतं, पण आठवड्यात दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास मशीनला जोडून. मोलगी किंवा तोरणमाळच्या पाड्यावरून आठवड्याला तीनदा घाट उतरायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या. पुड्या असतील तर त्याही. काढा पीत असाल तर त्यात काय काय घालता ते न लाजता सांगा. नाव वाचता आलं नाही तरी पाकीट बघून डॉक्टरांना कळतं, आणि "लाल रंगाची, गोल गोळी" एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही.